अर्ध्यात थांबलेला कोल्हा

१

काउंटरवरच्या मुलीने लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि "अगं बाई!" म्हणत दोन्ही हात तोंडावर ठेवले.

पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून भेगा फुटून पार मध्यापर्यंत आल्या होत्या. कोपऱ्यात शाई सांडावी तसा काळा डाग पसरला होता. सकाळी स्वतःच्या दहा बोटांनी पारखून, पसंत करून, "दुपारची वामकुक्षी झाली की न्यायला येते," असं सांगून बाजूला ठेवलेला लॅपटॉप तो हाच, हे बाईंना पटेना.

"वहिनी, खून!" शेजारी उभ्या असलेल्या वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, लॅपटॉप आहे तो."

"असू दे. जिवंत होता ना सकाळी?"

वन्सं म्हणजे बाईंची नणंद. वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट त्यांनी वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत संपवलं होतं आणि तेव्हापासून त्यांना दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचा संशय येत असे.

आणि बाई म्हणजे टायपिंगच्या बाई. एके काळी सायकलच्या दुकानावरच्या लांबट खोलीत त्यांचा क्लास होता. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मशीनं खडखडत असत. खालून जाणाऱ्याला वाटे, वर कुणी खडी चाळतंय. शाईच्या फितींचा वास, कार्बनने काळी झालेली बोटं, ओळ संपत आली की टिंग् करून वाजणारी मशीनची घंटी आणि तिच्या पाठोपाठ दांडी ढकलल्याचा खर्रर आवाज. या भागातले निम्मे कारकून आणि सगळे स्टेनो त्या खोलीतून पास होऊन बाहेर पडले होते. मग कॉम्प्युटर आले, मशीनं भंगारात गेली, खोलीत शिवणाचा क्लास निघाला. बाईंचे हात मात्र अजून शिवशिवत. म्हणून तर त्या लॅपटॉप घ्यायला निघाल्या होत्या.

आरडाओरडा ऐकून मागच्या खोलीतून दुकानाचा मालक धावत आला. त्याने पडदा पाहिला, मुलीकडे पाहिलं आणि त्याचा आवाज चढला.

"दुकान तुझ्यावर सोपवून आम्ही जेवायला बसलो होतो ना? या मॉडेलचा शेवटचा पीस होता हा! आता उद्यापासून येऊ नकोस. चाव्या ठेव काउंटरवर."

मुलगी रडली नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, मी नाही पाडला. मी नीट झाकण लावून टेबलाच्या मधोमध ठेवून गेले होते. ही नोकरी गेली तर माझं कॉलेज सुटेल हो."

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. या मालकाला त्या शाळकरी वयापासून ओळखत होत्या. बाईंच्या क्लासमध्ये वडिलांनी त्याला बळेच घातलं होतं.

"तुला आठवतं का रे, तुझ्या मशीनच्या अक्षरांच्या काड्या सारख्या एकमेकींत अडकायच्या? का अडकायच्या?"

"घाई करायचो म्हणून, बाई."

"मग? आता काय करतोयस?"

मालकाने कान खाजवला.

"माझा लॅपटॉप आहे, चौकशी मी करणार," बाई म्हणाल्या. "दुकान बंद होईपर्यंत हिला कामावरून काढायचं नाही. तोवर कुणी पाडला ते मी सांगितलं नाही, तर तू तुझ्या मनाचा राजा."

२

सकाळ कशी मजेत गेली होती!

बाईंना लॅपटॉप घ्यायचाय म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळली होती. मुलगा म्हणाला, टॅबलेट घे, हलका असतो. सून म्हणाली, मोबाइलवर बोललं की आपोआप लिहिलं जातं, आता टाइप कोण करतं? जावयाने कागदावर आकडे लिहून दिले, ते बाईंनी रस्त्यातच वन्संच्या पिशवीत टाकले. दुकानात मात्र या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी हवाय तुम्हाला?"

"लिहायला," बाई म्हणाल्या. "डोक्यात जे आहे ते कागदावर उतरवायचंय. बोटं दुखेपर्यंत."

"मग आपण कळांपासून सुरुवात करू," मुलगी म्हणाली आणि बाईंना ती तिथेच आवडली.

दुकानाच्या पुढच्या बाजूला काउंटर होता आणि त्यावर गिऱ्हाइकाने वाजवायची पितळी घंटी. मधे उंच फडताळ. फडताळाच्या पलीकडे भिंतीला लावलेलं एक टेबल, त्याच्या डाव्या अंगाला कपाट, उजवीकडे नुसती मोकळी फरशी. त्या टेबलावर मुलीने एकेक लॅपटॉप मांडला. बाईंनी डोळे मिटले आणि बोटं ठेवली. पहिल्याच्या कळा इतक्या चपट्या की दाबली की नाही ते बोटालाच कळेना. दुसऱ्याच्या कळा म्हाताऱ्या दातांसारख्या हलत होत्या. तिसऱ्याचा पडदा आरशासारखा चकाकत होता, त्यात लिहिण्याऐवजी स्वतःच्या सुरकुत्याच दिसत होत्या. चौथ्यावर बोटं ठेवली आणि बाईंचे खांदे सैल झाले. कळ नीट खाली जात होती, नीट वर येत होती, आणि ते बोटाला समजत होतं.

"हा!" बाई डोळे न उघडता म्हणाल्या आणि हात चालवत सुटल्या.

तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, "चाळीसचा तर नक्कीच असेल तुमचा स्पीड अजून."

मालकाची आई होती ती. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. मुलाच्या दुकानात ती रोज घटकाभर टेकत असे, आणि "आई, त्याला हात लावू नकोस", "आई, ती वायर आहे, जपून" असं मुलाकडून ऐकत असे.

"लॅपटॉप म्हणजे काय, जुनाच घ्यावा," मागच्या खोलीतून मान बाहेर काढून दुरुस्तीवाल्याने सल्ला दिला. सगळे त्याला डॉक्टर म्हणत, कारण तो दुरुस्तीला कधी दुरुस्ती म्हणत नसे, ऑपरेशन म्हणे. "माझ्या हाताखालून गेलेला एक देतो बाई. नव्यात दम नसतो."

आणि मग अर्जंटराव आले. कोर्टातले निवृत्त कारकून. आयुष्यभर प्रत्येक फाइलवर 'अर्जंट' लिहून त्यांना ते नाव पडलं होतं. त्यांनी बाईंच्या हाताखालचा लॅपटॉप पाहिला आणि म्हणाले, "मला हाच हवाय. अर्जंट."

"पसंत झालाय तो," मुलगी म्हणाली. "आणि एकच उरलाय."

"पैसे दिलेत का? नाही ना? मग बघतोच कसा नेता ते," असं म्हणून अर्जंटराव पाय आपटत निघून गेले होते.

आता वन्संनी ते वाक्य शब्दशः म्हणून दाखवलं आणि विजयी मुद्रेने विचारलं, "आणखी काय पुरावा हवा?"

"पडदा," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसून फुटक्या लॅपटॉपवर वाकल्या.

मोडला होता तो उजवा कोपरा. पण बाई बघत बसल्या डाव्या कडेकडे. नव्या पडद्याच्या चौकटीवर कंपनीने पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. बाकी तिन्ही बाजूंना ती गुळगुळीत होती. डाव्या बाजूला मात्र वरच्या अंगाला तिच्या चुण्या चुण्या होऊन गोळा झाला होता, आणि सगळ्या चुण्या उजवीकडे ढकललेल्या होत्या.

"एका धक्क्याने इतक्या चुण्या पडत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "कुणी तरी याला पुन्हा पुन्हा ढकलत होतं."

३

मुलीने सगळं खरं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत मालक आणि डॉक्टर मागच्या खोलीत जेवायला बसतात. तिने खरं तर दुकानातच थांबायचं, पण शेजारच्या झेरॉक्सवाल्या मैत्रिणीकडे जरा वेळ गेली. काचेचं दार नुसतं ओढून घेतलं होतं.

"नुसतं ओढून!" मालक कडाडला.

"काड्या अडकतायत रे," बाईंनी बजावलं.

डॉक्टरला विचारलं तर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी आणि साहेब एकाच ताटलीतून लोणचं घेत होतो. खोलीत पंखा आमचा असा घरघरतो की बाहेर तोफ उडाली तरी पत्ता लागायचा नाही. आणि मी फोडीन कशाला? मी फोडला असता तर अशा ठिकाणी फोडला असता की ऑपरेशनला बरं पडेल."

"हा माणूस फार बोलतो," वन्सं कुजबुजल्या. "फार बोलणारा शेवटी निर्दोष निघतो. मला नको असा."

"दुपारी आणखी कोण आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही," मालक म्हणाला.

"तुमच्या आई डबा घेऊन आल्या होत्या की," डॉक्टर म्हणाला.

"आई रोजच येते. डबा दिला आणि गेली. बाहेरच्या माणसाबद्दल विचारतायत बाई."

बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं. "आई गेली ते तू पाहिलंस?"

"पाहिलं म्हणजे... डबा देऊन खोलीतून बाहेर पडल्या. म्हणजे गेल्याच की."

वन्संचं लक्ष नव्हतंच, त्या दाराकडे बघत होत्या. काचेच्या बाहेरून एक डोकं आत डोकावलं, बाईंना बघून दचकलं आणि मागे वळलं.

"धरा त्यांना!" वन्सं ओरडल्या.

अर्जंटराव उंबऱ्यावरच थिजले.

४

"मी काही केलेलं नाही," खुर्चीत बसवल्याबरोबर अर्जंटराव म्हणाले. "मी फक्त घंटी वाजवली."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"दुपारी. तुमच्या आधी येऊन पैसे भरावेत आणि घेऊन जावा म्हणून आलो. काउंटरवर चिटपाखरू नाही. म्हणून टिंग् केलं. तर फडताळामागून धाडकन आवाज आला. मग एकदम शांतता. मी म्हटलं, आपण इथे उभे दिसलो तर आपल्यावरच येईल. कोर्टात जन्म गेला माझा, बाई. जो जागेवर सापडतो तोच आरोपी."

"म्हणून पळालात?"

"अर्जंट."

"आणि आता परत का आलात?"

अर्जंटराव वरमले. "चैन पडेना. म्हटलं, बघावं तरी काय झालं."

"खोटं!" वन्सं म्हणाल्या. "गुन्हेगार नेहमी परत येतो. आणि हे तुमचेच विद्यार्थी, वहिनी. टायपिंग येतं यांना."

"टायपिंगचा काय संबंध?" मालकाने विचारलं.

तेवढ्यात डॉक्टरने हाक मारली. त्याने दरम्यान फुटक्या लॅपटॉपला वायर जोडून त्यातलं चित्र मोठ्या पडद्यावर आणलं होतं. "मेंदू शाबूत आहे याचा. झाकण मिटलं तेव्हा जे चालू होतं ते तसंच आहे. बघा, कुणी तरी लिहीत बसलं होतं."

सगळे मोठ्या पडद्यापुढे जमले. आधी ए, एस, डी, एफ हा पहिल्या दिवसाचा धडा, आणि मग चपळ कोल्हा. आळशी कुत्र्यावरून उडी मारणारा तो इंग्रजीतला कोल्हा, ज्याच्या एका वाक्यात सगळीच्या सगळी अक्षरं येतात. बाईंनी तो कोल्हा इतक्या पोरापोरींकडून गिरवून घेतला होता की त्यांना स्वप्नातही तो उड्या मारताना दिसे. इथे तो पुन्हा पुन्हा लिहिला होता, एकाही चुकीशिवाय. फक्त शेवटचा कोल्हा उडी मारता मारता अर्ध्यातच थांबला होता. शब्दाच्या मधेच.

"मी नाही हे लिहिलं," अर्जंटराव घाईने म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही दोन बोटांनी मारता आणि प्रत्येक ओळीत एक अक्षर गाळता. परीक्षेत कसेबसे सुटलात ते मला आठवतंय." बाई पडद्याजवळ सरकल्या. "पण या ओळी अशा भलत्याच ठिकाणी का तुटल्यात?"

"कारण ही एकच ओळ आहे," डॉक्टर म्हणाला. "यात एंटर एकदाही दाबलेलं नाही. छोट्या पडद्यावर ओळ भरली की मजकूर आपोआप खाली जातो. इथे पडदा मोठा, म्हणून ओळी दुसरीकडे मोडल्यात."

"एकदाही नाही?" मुलगी मधेच म्हणाली. "पण मी तर दर ओळीला एंटर मारते. सगळेच मारतात."

"आम्हीसुद्धा," अर्जंटराव म्हणाले.

चूक एकही नाही, आणि एंटर एकदाही नाही. हात इतका तयार, आणि इतकी साधी गोष्ट माहीत नाही. बाई टेबलापाशी बसल्या. डोक्यात काही तरी घोळत होतं, पण वर येईना.

"अर्जंटराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही घंटी वाजवलीत ती कशी? जाऊन पुन्हा वाजवा बरं."

अर्जंटराव काउंटरपाशी गेले आणि त्यांनी घंटीवर हात मारला.

टिंग्!

आणि बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवरून आपोआप वर उचलला गेला होता आणि हवेत कशाला तरी उजवीकडे ढकलत होता.

वन्संनी तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! वहिनी, म्हणजे तुम्हीच?"

५

"मी दुपारी तुमच्या शेजारी घोरत होते, वन्सं."

"हो, ते खरं," वन्सं जरा नाराजीनेच म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायला आली होती. बाईंनी मालकाला सांगून सगळ्यांसाठी चहा मागवला. रिकामा डबा न्यायला मालकाची आई आली, तिलाही बाईंनी आग्रहाने टेबलाशी बसवलं. मुलगी काउंटरच्या चाव्या हातात घट्ट धरून उभी होती. मालक सारखा घड्याळाकडे बघत होता.

"अजून कळलं नाही ना, बाई? जाऊ द्या. मी हिला..."

"चहा पी," बाई म्हणाल्या. त्या उठून काउंटरपाशी गेल्या, जणू पाय मोकळे करायला, आणि त्यांनी घंटीवर हात मारला.

टिंग्!

मालकाच्या आईचा डावा हात झटक्यात उठला आणि सपकन उजवीकडे गेला. पुढचा कप उडाला. चहा अर्जंटरावांच्या मांडीवर.

"अर्जंट!" अर्जंटराव किंचाळत उठले.

बाकी कुणी हललं नाही. मालकाची आई आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर घेतला, चुकलेल्या लेकराला जवळ घ्यावं तसा.

"आमच्या मशीनला ओळ संपत आली की घंटी वाजायची," बाई येऊन तिच्या शेजारी बसल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या. "घंटी वाजली की डाव्या हाताने दांडी उजवीकडे ढकलायची, की कागद नव्या ओळीवर येई. पहिले काही दिवस ते डोक्याने करावं लागतं. नंतर हातच करतो, माणसाला विचारत नाही. वर्षानुवर्षं निजलेला असला तरी बोटं पुन्हा कळांवर बसली की तो हात जागा होतो. दुपारी इथे कुणी तरी जुन्या मशीनवर शिकलेलं माणूस बसलं होतं. ओळ भरत आली की ते पडद्याची डावी कड हळूच ढकलत होतं, म्हणून पट्टीला चुण्या. आणि गंमत अशी, की कॉम्प्युटर आपणहून खालच्या ओळीवर जात होता. त्या बिचाऱ्या माणसाला वाटलं, आपण ढकलतोय म्हणूनच ओळ बदलतेय."

डॉक्टर तोंडाचा आ करून ऐकत होता. "म्हणून एंटर नाही!"

"म्हणून नाही. हे सगळं जपून, अलगद चाललं होतं. एवढ्यात अर्जंटरावांनी घंटी वाजवली. हात पूर्वीच्या जोराने गेला. मशीन जड असायचं, हलायचं नाही. लॅपटॉप म्हणजे पाटीएवढा. टेबलाच्या उजवीकडे अडवायला काही नाही. गेला तो थेट फरशीवर, उजव्या कोपऱ्यावर. आणि कोल्हा हवेतच राहिला."

"पण आई?" मालकाचा आवाज खोल गेला होता. "बाई, तिला मोबाइल धड लावता येत नाही. मी लावून देतो."

"सकाळी मी हात चालवत होते तेव्हा दुसरं कुणी म्हणालं असतं, छान लिहिता. कुणी म्हणालं असतं, किती भरभर. तुझी आई म्हणाली, चाळीसचा स्पीड. मिनिटाला चाळीस शब्द. नुसत्या आवाजावरून ते सांगायला स्वतः त्या वाटेने जावं लागतं." बाई तिच्याकडे वळल्या. "कुठे होतात हो तुम्ही?"

मालकाच्या आईने उडालेला कप उचलून सरळ ठेवला. मग म्हणाली, "औषध कंपनीच्या ऑफिसात. लग्नाआधी. माझा स्पीड पंचावन्नचा होता."

बाईंनी नकळत मान लववली. त्यांच्या क्लासमध्ये पंचावन्नच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. अशा मुली एक दिवस पेढे घेऊन यायच्या, लाजत लाजत लग्न ठरल्याचं सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं मशीन मोकळं. त्या बोटांचं पुढे काय झालं असेल, हे बाईंनी कधी मनात आणलं नव्हतं.

"तू नोकरी करत होतीस?" मालक म्हणाला. "मला कधी बोलली नाहीस!"

"विचारलंस कधी?" आई म्हणाली. मग तिचा स्वर उतरला. "आज यांचे हात बघितले आणि मला राहवेना. दुकानात कुणी नव्हतं. म्हटलं, एक ओळ. एकीच्या दोन झाल्या. बोटांना सगळं आठवत होतं रे, मला एकटीलाच नव्हतं आठवत. पडला तेव्हा घाबरून, पडद्याकडे न बघताच उचलला आणि झाकण लावून ठेवला. मुका मार असेल म्हटलं, फुटला असेल असं नाही वाटलं. आत्ता आले तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर बघितला, आणि जीभच उचलेना."

ती उठली आणि चाव्या धरून उभ्या असलेल्या मुलीसमोर गेली. "पोरी, माझ्यामुळे तुझ्यावर आळ आला. मला माफ कर."

६

मुलीच्या डोळ्यांत दिवसभर थोपवलेलं पाणी आत्ता आलं. "आजी, मला एकदा म्हणायचंत ना. मी बसवलं असतं तुम्हाला."

"हात लावू नकोस, हात लावू नकोस ऐकून सवय गेली गं विचारायची."

मालकाने मान खाली घातली. डॉक्टरने मात्र हात चोळले. "पडदा बदलायचा म्हणजे किरकोळ ऑपरेशन. नवा पडदा आला की दुपारभरात उठून बसेल पेशंट."

"कळांना काही झालं नाही ना?" बाईंनी विचारलं.

"एकीलाही नाही."

"मग माझा लॅपटॉप तोच. थांबते मी. पंचावन्नचा हात लागलेला लॅपटॉप दुसऱ्या दुकानात मिळायचा नाही." त्या अर्जंटरावांकडे वळल्या. "तुमची हरकत?"

"घ्या, घ्या," ओली विजार झटकत अर्जंटराव म्हणाले. "मला आता विजारच अर्जंट आहे."

वन्सं हिरमुसल्या होत्या. "इतक्या लोकांत एकही वाईट माणूस निघू नये, म्हणजे काय?"

मालक खाकरला. तो काउंटरशी गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी मुलीला म्हणाला, "ते... चाव्या तुझ्याकडेच राहू देत. चूक माझी झाली. मी न विचारता बोललो. उद्या ये नेहमीसारखी."

"उद्या नाही, सर."

मालकाचा चेहरा पडला.

"उद्या मला सुट्टी हवी," मुलगी नाक पुसत म्हणाली. "आजचा दिवस भीतीत गेला. उद्याचा मी मैत्रिणीबरोबर हिंडण्यात घालवणार. परवा येते. आणि परवापासून जेवायच्या सुट्टीत दाराला आतून कडी लावायला कुणी तरी ठेवा, मी एकटी किती ठिकाणी पुरणार?"

वन्संनी टाळ्याच वाजवल्या.

"घे सुट्टी," मालक म्हणाला. "पण मग उद्या गिऱ्हाइकांना कोण बघणार? डॉक्टरला बसवलं तर तो सगळ्यांना जुनेच विकेल."

पण सगळे पलीकडे बघायला लागले होते. मुलीने दुसरा एक लॅपटॉप आईपुढे उघडून ठेवला होता आणि तिची उजवी करंगळी हातात धरून एंटरवर नेऊन दाखवली होती. आईने कळ दाबली. ओळ खाली गेली. तिने पुन्हा दाबली. पुन्हा गेली. डावा हात तिने जरा वेळ मांडीखाली दाबून ठेवला होता.

"एवढंच?" ती म्हणाली. "नुसती करंगळी?"

"एवढंच आजी."

आई लिहायला लागली. बाईंनी डोळे मिटले आणि ऐकलं. सुरुवातीला अडखळत, मग सलग, मग असं की मधली फट ऐकू येईना. पंचावन्नचा नसेल आता, पण स्पीड पन्नासच्या खाली नव्हता.

"आई," मालक जवळ जाऊन म्हणाला. "आई, अगं..."

आईने मान वर केली नाही. बोटं चालूच होती.

"दुकान किती वाजता उघडता रे तुम्ही?" तिने विचारलं.